ध्वनिमुद्रिकेची साक्ष : माळवा, शिंदेशाही आणि सरोद

१

उज्जयिनीचा आणि तंतुवाद्याचा संबंध फार जुना आहे. वत्सराज उदयन हा अवंतीच्या प्रद्योत महासेनाचा बंदी झाला, आणि बंदिवासातच त्याने राजकन्या वासवदत्तेला वीणा शिकविली. या कथेने भासाला दोन नाटके पुरविली. मेघाला वाट सांगताना कालिदासालाही अवंतीतील उदयनकथा जाणणाऱ्या ग्रामवृद्धांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. ‘मृच्छकटिक’ हे तर उज्जयिनीचेच नाटक. त्याच्या तिसऱ्या अंकात चारुदत्त रेभिलाचे गाणे ऐकून अपरात्री घरी परततो तो वीणेची वाखाणणी करीतच. आणि त्याच रात्री भिंत फोडून आत शिरलेल्या शर्विलकाला धन न दिसता मृदंग, वीणा, वेणू आणि पोथ्या दिसतात. हे एखाद्या नाट्याचार्याचे घर तर नव्हे ना, असा प्रश्न त्या बिचाऱ्या चोराला पडतो.

परंतु या साऱ्या वैभवात एक उणीव आहे, आणि ती संगीताच्या इतिहासकाराला पदोपदी जाणवते. उदयनाची घोषवती वीणा कशी वाजत होती, हे सांगणारा कोणीही नाही. ‘स्वप्नवासवदत्ता’च्या सहाव्या अंकात ती वीणा नर्मदेच्या काठी झुडपात अडकलेली सापडते आणि राजाकडे परत येते. वाद्य हाती येते, पण ते ज्या मांडीवर विसावत असे ती वासवदत्ता राजाच्या समजुतीप्रमाणे जगात नाही. म्हणून राजा व्याकुळ होतो. संगीताच्या इतिहासकाराची अवस्था बहुधा अशीच असते. वाद्य सापडते, वर्णन सापडते; नाद मात्र सापडत नाही.

भासाची ही नाटके कित्येक शतके केवळ नावाने ठाऊक होती. त्रिवेंद्रमच्या टी. गणपतिशास्त्री यांना केरळात त्यांच्या पोथ्या सापडल्या आणि १९१२ सालापासून त्या छापून निघाल्या. हरवलेला शब्द असा परत मिळू शकतो. जमिनीत गेलेले नाणे, खापर, विटेची भिंत हीदेखील परत मिळतात. उज्जैनचेच विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली भीमबेटकाच्या गुहांतील चित्रांकडे विद्वानांचे लक्ष वेधले, तेव्हा लेखनकलेच्याही पूर्वीचा माणूस आपणांस दिसू लागला. तो दिसला, ऐकू आला नाही. हरवलेला नाद उत्खननातून निघत नाही. म्हणूनच ज्या दिवशी यंत्राने प्रथम नाद धरून ठेवला, त्या दिवशी संगीताच्या इतिहासाला पहिला प्रत्यक्ष साक्षीदार मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही. हिंदुस्थानात तो दिवस नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास उगवला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी तेथे मेणाच्या तबकड्यांवर गाणी उतरवून घेतली. एकीकडे भासाची पोथी उजेडात येत होती आणि दुसरीकडे गवयाचा गळा तबकडीत उतरत होता; या दोन्ही घटना एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत घडल्या.

प्रस्तुत लेखात या साक्षीदाराची उलटतपासणी करावयाची आहे, आणि तीही एका विशिष्ट वाद्याच्या संदर्भात. ते वाद्य म्हणजे सरोद. हेच वाद्य निवडण्याचे कारण असे की, ते एका मराठी दरबारात वाढले, आणि तरीही मराठी संगीतेतिहासाने त्याची घ्यावी तशी दखल घेतली नाही.

२

उज्जैन हे शिंद्यांच्या दौलतीचे पहिले मुख्य ठाणे होते. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरजवळच्या लष्करास नेली. उज्जैनच्या वाट्याला क्षेत्राचे माहात्म्य उरले. दरबारच्या कला मात्र लष्कराकडे गेल्या. तेव्हापासून माळव्यातील मराठी कुटुंबांच्या बोलण्यात ‘ग्वाल्हेर’ हा शब्द संगीताच्या माहेरघरासारखा येऊ लागला.

या माहेरघराचा इतिहास आपण लिहिला तो गाण्याचा. हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नथ्थू खाँ. त्यांच्याकडून विद्या घेतलेले वासुदेवबुवा जोशी. वासुदेवबुवांकडे राहून ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. ही वंशावळ संगीताची गोडी असलेल्या मराठी शिक्षकाला तोंडपाठ असते. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांना विष्णुपंत छत्रे यांनी आपल्या सर्कशीबरोबर गावोगाव हिंडविले, ही हकीकतही आपण आवडीने सांगतो. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या साहाय्याने माधवराव शिंद्यांनी १९१८ साली ग्वाल्हेरास संगीत विद्यालय काढले, याची नोंद प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते.

परंतु त्याच ग्वाल्हेरीत, त्याच दरबाराच्या आश्रयाने, एक वेगळे घराणे नांदत होते. बंगश पठाणांचे हे कुळ मूळचे अफगाण मुलुखातले. त्यांच्याबरोबर रबाब आला. लाकडी पोट, त्यावर मढविलेले कातडे, तातीच्या तारा आणि घोड्यावरच्या शिपायालाही बाळगता येईल असा सुटसुटीत बांधा, असे ते वाद्य. या कुळातील गुलाम अली खाँ ग्वाल्हेरास स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नन्हे खाँ आणि नन्हे खाँचे पुत्र हाफिज अली खाँ. हाफिज अली खाँ यांचा जन्म १८८८ सालचा. त्यांनी घरच्या विद्येत रामपूरच्या वजीर खाँ बीनकारांच्या तालमीची भर घातली आणि माधवराव शिंद्यांच्या दरबारी कलावंतांत मानाचे स्थान मिळविले. १९४८ साली संस्थान विलीन झाले, तेव्हा या घराण्याचा शतकाहून जुना आश्रय संपला. पुढे खाँसाहेब दिल्लीस गेले. १९६० साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९७२ साली त्यांचे निधन झाले. ग्वाल्हेरातील त्यांच्या वडिलोपार्जित घराला आज ‘सरोद घर’ म्हणतात. तेथे जुनी वाद्ये जपून ठेविली आहेत.

रबाबाचा सरोद नेमका कोणी केला, याविषयी घराण्याघराण्यांत मतभेद आहे. ग्वाल्हेरची परंपरा ते श्रेय गुलाम अली खाँ यांना देते. लखनौच्या परंपरेनुसार, वाजिद अली शाहाच्या पदरी असलेल्या नियामतुल्ला खाँ यांनी लाकडी पट्टीवर पोलादी पत्रा बसविला आणि तातीऐवजी धातूच्या तारा लावल्या. या वादात निवाडा देण्याचा आव येथे आणावयाचा नाही. मात्र बदलाचे मर्म लक्षात घेतले पाहिजे. तातीची तार लाकडावर दाबली की नाद लगेच मावळतो. पोलादी तार पोलादी पत्र्यावर नखाने दाबली की नाद टिकतो, आणि टिकलेला नाद घसरत नेता येतो. सरोदाला पडदे नाहीत. त्यामुळे बोट एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर गेले म्हणजे मधला सारा प्रदेश ऐकू येतो. यालाच आपण मींड म्हणतो. रबाबाला जे बोलता येत नव्हते ते सरोदाला बोलता आले, ते या एका पत्र्यामुळे. डाव्या हाताची नखे आणि उजव्या हातातला नारळाच्या करवंटीचा जवा, एवढ्या सामग्रीवर हे वाद्य एका बाजूने बीनेची गंभीर आलापी आणि दुसऱ्या बाजूने रबाबाची तडफ एकत्र वागवू लागले.

३

मग प्रश्न उरतो तो असा : ग्वाल्हेरचे गाणे महाराष्ट्रात आले, सरोद का आला नाही?

पहिले कारण विद्येच्या हस्तांतराचे. गळा माणसाबरोबर जातो. बाळकृष्णबुवांसारखा गरीब ब्राह्मण विद्यार्थी अंगावरच्या वस्त्रानिशी ग्वाल्हेर गाठू शकत होता, गुरूच्या घरी पडेल ते काम करून शिकू शकत होता आणि शिकलेले सारे कंठात घेऊन मिरजेस, इचलकरंजीस येऊ शकत होता. वाद्याचे तसे नव्हते. वाद्य विकत घ्यावे लागे, दुरुस्त करणारा कारागीर जवळ असावा लागे. आणि मुख्य म्हणजे ही विद्या पुष्कळ काळ कुळात राहिली. बाप मुलाला शिकवी, काका पुतण्याला. बाहेरच्या शागिर्दाला दार क्वचितच पुरते उघडे.

दुसरे कारण आपल्या बाजूचे आहे. महाराष्ट्राचा कान शब्दाला सोकावलेला आहे. कीर्तन, भजन, लावणी, पोवाडा, नाट्यपद या सर्वांत सूर येतो तो शब्दाचा हात धरून. आपल्याकडे ख्यालगायकी रुजली तीदेखील नाटकाच्या आणि भजनाच्या सोबतीने. शब्दावाचून तास-दीड तास चालणारी आलापी, जोड आणि झाला ऐकण्याची सवय सर्वसामान्य श्रोत्याला व्हावयास विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

तथापि माळव्यातून तंतुवाद्याचे काहीच आले नाही असे मात्र नव्हे. ते आले, पण रूप पालटून आले. थोर बीनकार बंदे अली खाँ यांचा इंदूरच्या होळकर दरबाराशी निकट संबंध होता, आणि त्यांच्या आयुष्याची अखेर पुण्यास झाली. देवासचे रजब अली खाँ यांनी आपल्या गाण्यात बीनेचे अंग आणले. भास्करबुवा बखले यांच्या आरंभीच्या शिक्षणात बंदे अली खाँ यांचा वाटा होता. किराणा घराण्याच्या संथ, स्वरास्वरावर थांबणाऱ्या आलापीवर बंदे अली खाँ यांच्या बीनेची छाया आहे, असे जाणकार मानतात. आणि ती गायकी अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत राहून महाराष्ट्राच्या अंगवळणी पाडली. म्हणजे माळव्याची तार दक्षिणेत आली ती गळ्यात उतरून. आपण तिला गायन म्हणून ओळखले आणि तिचे मूळ कुळ विसरलो.

याचा परिणाम आपल्या भाषेवर झाला आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी तो विशेष ध्यानात घ्यावा. संगीतविचाराच्या बाबतीत मराठी दरिद्री नाही. भातखंड्यांनी आपली ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ मराठीत लिहिली. वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ १९६१ साली निघाले आणि घराण्यांच्या सौंदर्यविचाराला त्याने एक चौकट दिली. पण त्या ग्रंथाचे नावच काय सांगते? विचार व्हावयाचा तो गायकीचा. गळ्याच्या फिरतीसाठी, आवाजाच्या लगावासाठी, बंदिशीच्या मुखड्यासाठी मराठीत शब्दांचे भांडार आहे. सरोदाच्या एका आघातानंतर नाद कसा फुलतो, कसा विरतो, दोन आघातांमधील शांततेचे काय होते, हे सांगण्यासाठी मात्र आपण अजून चाचपडतो. ‘वाद्य अगदी गात होते’ ही आपल्याकडची सर्वोच्च प्रशंसा. ती प्रशंसा खरी; परंतु वाद्याने वाद्य म्हणून काय केले, हे तीत कोठेच येत नाही.

४

आता ध्वनिमुद्रिकेकडे वळू.

दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. दरबारात रात्र रात्र वाजविणाऱ्या कलावंताने या तीन मिनिटांत काय करावे? गवयाला एक सोय होती. बंदिशीचा मुखडा धरला, दोन ताना घेतल्या, की गाण्याचे रूप उभे राही. वादकाला आलापीसाठी अवकाश लागतो, आणि तोच नेमका तेथे नव्हता. त्यामुळे जुन्या तबकड्यांवरचे वादन बहुधा गतीपासूनच सुरू होते आणि झाल्याच्या घाईत संपते. १९२५ सालापर्यंत ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होई. कर्ण्याला जोरकस आवाज चटकन सापडे. तरफांचा मंद झंकार आणि खर्जाची गंभीर तार यांना तो बव्हंशी पारखा असे. म्हणून फार जुन्या तबकडीवरचा सरोद कोरडा वाटला, तर तो दोष वाजविणाराचा, वाद्याचा की कर्ण्याचा, हे ठरविल्यावाचून अभ्यासकाने मत देऊ नये.

आणि तरीही या तीन मिनिटांनी एक चमत्कार घडविला. मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खाँ हेही वजीर खाँ यांचेच शिष्य. म्हणजे विद्येच्या नात्याने हाफिज अली खाँ यांचे गुरुबंधू. बाबांचे पुत्र अली अकबर खाँ यांचा जन्म १९२२ सालचा. तरुणपणी ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेसाठी ते वाजवावयास बसले असता काही नवे वाजवा अशी मागणी झाली. तेव्हा त्यांनी मालकंस, चंद्रकंस, नंदकंस आणि कौशी कानडा यांच्या छाया एकत्र करून एक स्वररूप तेथल्या तेथे उभे केले. त्याला नाव मिळाले ‘चंद्रनंदन’. तबकडी लोकांना फार आवडली. मैफलीत श्रोते तो राग मागू लागले. असे सांगतात की, विस्ताराने वाजविण्याची वेळ आली तेव्हा खाँसाहेबांना स्वतःचीच तबकडी पुन्हा ऐकून तो राग नव्याने समजून घ्यावा लागला. पुढे दीर्घ ध्वनिमुद्रिका आल्या, तेव्हा हाच चंद्रनंदन त्यांनी विस्ताराने वाजवून मुद्रित केला.

या घटनेचे महत्त्व केवळ गमतीचे नाही. आजवर राग आधी असे आणि तबकडी त्याचा तुकडा धरून ठेवी. येथे तबकडी आधी झाली आणि राग तिच्यातून वाढला. स्मृतीच्या जागी यंत्र बसले. कर्ता स्वतःच्या कृतीकडे विद्यार्थी म्हणून परत आला. संहितेच्या क्षेत्रात याला समांतर उदाहरण शोधावयाचे तर, कवीने बोलता बोलता रचलेले आणि विसरलेले कवन लेखनिकाच्या टिपणावरून पुन्हा हाती घ्यावे, आणि त्याचे महाकाव्य व्हावे, असे काहीसे म्हणावे लागेल. आपल्या मौखिक परंपरेत लिहून ठेवणाराचे स्थान नेहमी दुय्यम मानले गेले. चंद्रनंदनाने ते स्थान निदान एकदा तरी पहिल्या पंक्तीस आणले.

१९४८ साली दीर्घ ध्वनिमुद्रिकेचा शोध अमेरिकेत बाजारात आला आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक वादन मावू लागले. १९५५ साली यहुदी मेनुहिन यांच्या निमंत्रणावरून अली अकबर खाँ न्यूयॉर्कला गेले, तेथील आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्यांनी वादन केले आणि एंजल कंपनीसाठी एक दीर्घ ध्वनिमुद्रिका दिली. तबल्यावर चतुरलाल होते. एका बाजूस सिंधुभैरवी, दुसऱ्या बाजूस पिलू. आरंभी मेनुहिन स्वतः वाद्यांचा आणि रागकल्पनेचा परिचय करून देतात. पाश्चात्त्य देशांत प्रसिद्ध झालेली भारतीय शास्त्रीय संगीताची ही पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका मानली जाते. तिच्या नावात सकाळ-संध्याकाळच्या रागांचा उल्लेख आहे. पण तबकडी विकत घेणारा ती हव्या त्या प्रहरी लावणार, हे उघडच होते. रागसमयाचा नियम तबकडीच्या वेष्टनावर छापला गेला आणि तबकडी फिरू लागताच सुटला. निवडीकडेही लक्ष द्यावे. सिंधुभैरवी आणि पिलू हे दोन्ही ठुमरीच्या अंगाने खुलणारे, मिश्र छटांना मोकळीक देणारे राग आहेत. परक्या श्रोत्यासमोर दरबारीचा किंवा मारव्याचा डोंगर उभा न करता त्याला घराच्या ओसरीवर प्रथम बसवून घ्यावे, असा विवेक तीत असावा, असे मला वाटते.

त्याच १९५५ साली आकाशवाणीचे इंदूर केंद्र सुरू झाले. उज्जैनच्या श्रोत्याच्या दृष्टीने ही घटना न्यूयॉर्कच्या तबकडीहून मोठी होती. त्याआधी १९५२ सालापासून, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या मंत्रिपदाच्या काळात, शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम होऊ लागलाच होता. ज्या वाद्याला तबकडीने तीन मिनिटे दिली त्याला नभोवाणीने दीड तास दिला. दरबार संपल्यावर सात वर्षांच्या आत, क्षिप्रेकाठच्या एखाद्या मराठी वाड्यात बसलेल्या मास्तरांना हाफिज अली खाँ ऐकण्यासाठी ना लष्करला जावे लागे, ना सरदाराच्या ओळखीची चिठ्ठी मिळवावी लागे. माधवराव महाराजांच्या दरबारात ज्यांना पायरीवरही जागा मिळाली नसती, त्यांच्या माजघरात तो सरोद आला.

५

साक्षीदार मिळाला म्हणजे सत्य मिळाले, असे न्यायालयात कोणी मानीत नाही. इतिहासातही मानू नये. ध्वनिमुद्रिका साक्ष देते ती एका दिवसाची, एका वयाची. रहिमत खाँ यांच्या तबकड्या त्यांच्या अखेरच्या काही वर्षांतल्या आहेत. त्या ऐकून ‘भूगंधर्व’ या पदवीचा अंदाज करणे म्हणजे मावळतीच्या किरणावरून मध्यान्हीचे ऊन सांगणे होय. हाफिज अली खाँ यांची उपलब्ध ध्वनिमुद्रणे त्यांच्या दीर्घ कारकिर्दीच्या मानाने थोडी आहेत. ज्यांच्या वादनाचा दरारा दोन पिढ्यांनी सांगितला, त्यांना आपण आज काही मिनिटांच्या हिशेबाने मोजतो.

स्वतः खाँसाहेबांना जतनाची काळजी नव्हती असे नाही. पण त्यांची जतनाची कल्पना वेगळी होती. त्यांचे चिरंजीव अमजद अली खाँ एक आठवण सांगतात. पद्मभूषण स्वीकारण्याच्या वेळी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी आपणांस काही हवे आहे काय, अशी विचारपूस केली. त्यावर खाँसाहेबांनी स्वतःसाठी काहीच मागितले नाही. दरबारी रागाची शुद्धता हल्ली बिघडत चालली आहे, तिच्या रक्षणाचे काही करता येईल काय, असे विचारले. या भाबडेपणावर हसू येते, आणि पाठोपाठ हसल्याची लाजही वाटते. राजा रागाचे रक्षण करू शकतो, हा त्यांचा अनुभव होता; प्रजासत्ताकाचा राष्ट्रपतीही करू शकेल, असे त्यांना वाटले. गेलेल्या दरबाराची केवढी हकीकत त्या एका विनंतीत साठलेली आहे! आणि तिचे उत्तर शासनापाशी नव्हते. थोडेफार कोणापाशी असलेच तर ते त्यांच्या स्वतःच्या वादनाच्या मुद्रणांत होते.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे अन्नपूर्णादेवी. बाबा अल्लाउद्दीन खाँ यांची ही कन्या सूरबहार वाजवीत असे. मैफलींचा त्यांनी त्याग केला आणि कित्येक दशके मुंबईत राहून केवळ विद्यादान केले. सतारिये निखिल बॅनर्जी आणि बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे शिकले, सरोदियेही शिकले. शिकवीत त्या मुख्यतः गाऊन. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी स्वतः बाजारासाठी ध्वनिमुद्रिका दिली नाही. म्हणजे आपल्याच काळात, ध्वनिमुद्रणाची साधने घरोघर झालेली असताना, एक थोर वीणा घोषवतीसारखी मौनातच राहिली. तो त्यांचा अधिकार होता आणि त्याचा मान राखला पाहिजे. परंतु त्यांची विद्या शिष्यांच्या हातांतून वाजतेच आहे. यावरून तबकडी आणि तालीम यांचे कार्य वेगळे आहे, हे स्पष्ट होते. तबकडी फळ जपते. बीज तालमीतूनच जाते. चंद्रनंदनाच्या बाबतीत एकदा तबकडीतून बीजही गेले. पण ते पेरणारा हात अली अकबर खाँ यांचा होता, हे विसरून चालणार नाही.

मुंबईचेच दुसरे उदाहरण जरीन दारूवाला यांचे. पारशी घरात १९४६ साली जन्मलेल्या या वादिकेने सरोदियांच्या कोणत्याही मोठ्या कुळात जन्म न घेता हे वाद्य आपलेसे केले. तिच्या गुरूंत श्रीकृष्ण नारायण रातंजनकर आणि वाईचे विष्णु गोविंद जोग अशी नावे आहेत. एक गायक, दुसरे व्हायोलिनवादक. कुळाचे दार बंद असले तरी विद्या भिंतीपलीकडून ऐकू येते आणि ज्याला घ्यावयाची तो घेतो. २०१४ साली त्या निवर्तल्या. महाराष्ट्रात सरोद उशिरा आला, आणि तो पुन्हा गळ्याच्या वाटेनेच आला, या वर मांडलेल्या विचाराला या उदाहरणाने पुष्टीच मिळते.

६

शेवटी, आपण शिक्षकांनी आणि साहित्यसेवकांनी या विषयात काय करावयाचे, एवढे सांगून लेख पुरा करतो.

ग्वाल्हेर, इंदूर, देवास, उज्जैन येथील मराठी घरांतून शास्त्रीय संगीताच्या तबकड्या आणि घरगुती फिती अजून कोठे कोठे पडून असतील. लाखेची तबकडी हातून पडली की फुटते; चुंबकीय फितीचा लेप काही दशकांत सुटू लागतो. आजोबांच्या पश्चात घर रिकामे करताना जुन्या पोथ्या निदान एखाद्या ग्रंथालयाला विचारून टाकल्या जातात. तबकड्या कोणालाही न विचारता भंगारात जातात. पोथी हे साधन आहे हे आपण शिकलो, ते राजवाड्यांसारख्यांनी गावोगाव दप्तरे हुडकल्यानंतर. तबकडी हेही साधन आहे, हे आपण अजून शिकावयाचे आहे. तबकडी जपताना तिच्यावरचा क्रमांक, कंपनीचे नाव, वाजविणाराचे नाव, घरात ती कोणी आणि केव्हा आणली ही आठवण, एवढे तरी टिपून ठेवावे. नोंदीवाचूनची तबकडी म्हणजे मिती नसलेले पत्र होय.

दुसरे काम भाषेचे. विद्यार्थ्यांपुढे एकदा तरी एक सरोदवादन लावावे आणि त्यांना लिहावयास सांगावे : काय ऐकू आले? ‘मधुर’, ‘सुश्राव्य’, ‘मंत्रमुग्ध’ ही विशेषणे त्या दिवसापुरती वर्ज्य करावी. आघात झाल्यावर नाद कोठे गेला, तो कोणत्या स्वरावर रेंगाळला, बोट घसरले तेव्हा वाटेत काय लागले, तरफा केव्हा जाग्या झाल्या, हे त्यांनी आपल्या शब्दांत सांगावे. एखाद्या माळवी बोलीच्या मुलाला त्यासाठी विहिरीवरच्या मोटेच्या करकरीचा किंवा चरखीवरून सुटणाऱ्या दोराचा शब्द आठवेल. तो खुशाल वापरू द्यावा. परिभाषा पंडितांच्या सभेत जन्मत असली तरी तिचे शब्द बहुधा अशाच ठिकाणाहून येतात.

उदयनाला घोषवती परत मिळाली तेव्हा तिच्या तारांवर धूळ होती आणि वाजविणारी समोर नव्हती. नाटकात ती थोड्याच वेळात प्रकट होते, कारण नाटककाराला तसे घडविता येते. इतिहासात गेलेला वादक प्रकट होत नाही. उज्जयिनीच्या त्या वीणेविषयी आपल्यापाशी भास आहे, कालिदास आहे, शूद्रक आहे. एक स्वर मात्र नाही. ग्वाल्हेरच्या सरोदाविषयी आपल्यापाशी मराठीत चार ओळी आहेत. पण तीन तीन मिनिटांचे का होईना, स्वर आहेत. पूर्वजांना जे मिळाले नाही ते आपल्या हाती आहे, आणि त्यांनी जे केले ते लिहिण्याचे काम मात्र आपल्याकडून राहून गेले आहे.